एचआयव्हीची कॉम्बिनेशन गोळी: तीन औषधं कशाला, त्रास कोणता, आणि डॉक्टरांना काय सांगायचं

कोरांटी:
नमस्कार मंडळी. मी स्वतः बरीच वर्षं एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधोपचारावर) आहे आणि नव्याने निदान झालेल्या लोकांशी बोलण्याचं काम करते. गोळ्यांचा त्रास सुरू झाला की माणसं दोनपैकी एक वाट धरतात, असं मला सतत दिसतं. काही जण निमूट सोसत राहतात. जीव वाचतोय ना, मग कुरकुर कशाला, असं त्यांना वाटतं. काही जण कुणालाही न सांगता गोळी बंद करतात. दोन्हींत नुकसान त्यांचंच होतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं, कारण आज जवळजवळ प्रत्येक त्रासावर काही ना काही करता येतं. फक्त तो त्रास सांगावा लागतो. म्हणून हा धागा.

आधी आपल्या बाटलीवरचं लेबल वाचा. आज अनेकांच्या बाटलीवर असं काहीसं असतं: टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मिग्रॅ, लॅमिवुडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ. गोळी एक, औषधं तीन. पुढचं सगळं याच तीन (किंवा तुमच्या लेबलवर असतील त्या) नावांवर अवलंबून आहे. 'मी एचआयव्हीची गोळी घेतो' एवढं सांगून कुणालाच तुम्हाला नेमका सल्ला देता येणार नाही. लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवा.

तीन औषधं कशाला? हा विषाणू आपल्या सीडी४ पेशीत (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) शिरतो तेव्हा त्याच्याकडे आरएनए असतो. पेशीत तो स्वतःच्या एका एन्झाइमकडून त्याचा डीएनए बनवून घेतो. दुसरं एन्झाइम, इंटिग्रेज, तो डीएनए आपल्या डीएनएमध्ये जोडून टाकतं. मग आपलीच पेशी विषाणूचे भाग बनवायला लागते आणि प्रोटिएज नावाचं तिसरं एन्झाइम ते भाग कापून नीट करतं. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन पहिल्या पायरीवर काम करतात. डीएनए बनताना ती त्या साखळीत खोट्या कड्या म्हणून घुसतात आणि साखळी तिथेच थांबते. डोल्युटेग्राविर दुसरी पायरी अडवतं.

यातलं एकच औषध का पुरत नाही, हे समजणं सगळ्यात महत्त्वाचं. या विषाणूचं नक्कल करणारं एन्झाइम चुका करतं आणि त्या तपासत नाही. उपचार नसलेल्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. इतक्या नकलांमध्ये एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू निघतोच. लॅमिवुडिनचा जोर घालवायला तर एका ठिकाणचा एक बदल पुरतो. पण तीन औषधांना एकाच वेळी चुकवणारे सगळे बदल एकाच विषाणूत जुळून येणं फार कठीण. झिडोव्हुडिन हे पहिलं औषध १९८७ साली आलं. ते एकटं दिलं जायचं तेव्हा थोड्या काळाने त्याचा परिणाम ओसरायचा. १९९६ च्या व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांच्या उपचारांचे निकाल मांडले गेले आणि तिथून या आजाराचं चित्र पालटलं.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या. कुठली गोळी आणि किती काळ चालू आहे, एवढं लिहा. नाव-गाव लिहू नका.

---

नवी_सुरुवात:
धाग्यासाठी खूप आभार ताई. मी वरचंच लेबल असलेली गोळी घेतोय, तिसरा आठवडा चालू आहे. रात्री जेवल्यावर घेतो. डोकं जड असतं आणि झोप अजिबात लागत नाही. पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत पडलेलो असतो. दिवसा कामावर डोळे मिटतात. एक दिवसाआड घेतली तर चालेल का?

---

कोरांटी:
नवी_सुरुवात, एक दिवसाआड अजिबात नको. रक्तातलं औषध खाली गेलं की विषाणू पुन्हा नकला करायला लागतो, आणि तेही थोडंसं औषध रक्तात असताना. रेझिस्टन्स (म्हणजे विषाणूने औषधाला दाद न देणं) तयार व्हायला याहून सोयीची परिस्थिती नाही.

झोप न लागणं हा डोल्युटेग्राविरचा माहितीतला त्रास आहे आणि त्यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे: गोळी सकाळी घ्यायची. हे औषध जेवणासोबत किंवा उपाशीपोटी, दिवसा किंवा रात्री कधीही चालतं, वेळ मात्र ठरलेली हवी. रात्रीवरून सकाळी येताना दोन गोळ्यांमधलं अंतर २४ तासांच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे रात्रीची गोळी घेतल्यावर पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या एका वेळी अंतर कमी पडतं, ते चालतं. तरी तुमच्या डॉक्टरांना फोन करून बदल कळवा. डोकेदुखी बहुतेकांची पहिल्या काही आठवड्यांत ओसरते.

---

जुना_भिडू:
मी नव्वदच्या दशकात सुरुवात केलेल्यांपैकी. आता एक गोळी घेणाऱ्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. इंडिनाविर दर आठ तासांनी घ्यायचं, उपाशीपोटी, आणि मूतखडा होऊ नये म्हणून दिवसाला किमान दीड लिटर पाणी. गजर लावून रात्री उठायचं. सोबत स्टॅव्ह्युडिन. त्याने तळपायांत मुंग्या आणि आग सुरू झाली, चादर लागली तरी सहन व्हायचं नाही. गाल बसले. लोक चेहऱ्यावरून ओळखतील या भीतीने मी घराबाहेर पडणं बंद केलं होतं.

स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं. पण माझ्या पायांतल्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. हे घाबरवायला लिहीत नाही. त्या काळी पर्यायच नव्हता, म्हणून सोसलं. तुमच्यापुढे पर्याय आहेत. हातापायात मुंग्या, बधिरपणा, आग असं काही वाटलं तर पहिल्याच भेटीत सांगा. मज्जातंतूंना झालेली इजा जितकी लवकर लक्षात येईल तितकी भरून येण्याची शक्यता जास्त.

---

मुक्तछंद:
जुना_भिडू, तुमचं वाचून पोटात कालवलं. लिहिलंत म्हणून धन्यवाद.

माझा प्रश्न: मला आधी एफाव्हिरेन्झची गोळी होती. रात्री गोळी घेतली की खोली फिरल्यासारखी वाटायची आणि स्वप्नं इतकी खरी पडायची की उठल्यावर कळायचं नाही काय घडलं आणि काय नाही. कुणी म्हणालं, मनाचे खेळ आहेत. आता गोळी बदलली, ते सगळं गेलं, पण वजन भराभर वाढतंय. ते मनाचे खेळ होते का? आणि वजनाचं काय?

---

स्टेथोस्कोप:
मी एचआयव्हीच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. इथे लिहितो ते सर्वसाधारण आहे. तुमचे रिपोर्ट बघणारे डॉक्टर सांगतील ते अंतिम.

मुक्तछंद, ते मनाचे खेळ नव्हते. एफाव्हिरेन्झ मेंदूपर्यंत पोचतं. चक्कर, ठसठशीत स्वप्नं, चिडचिड, उदासी हे त्याचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. अनेकांत ते दोन ते चार आठवड्यांत कमी होतात, सगळ्यांत होत नाहीत. काही लोकांचं यकृत जनुकीय फरकामुळे हे औषध फार सावकाश मोडतं, त्यांच्या रक्तात तोच डोस कितीतरी जास्त साठतो. म्हणून शेजारच्याला काहीच होत नाही आणि तुम्हाला उभं राहवत नाही. तेलकट-तुपकट जेवणानंतर ते रक्तात जास्त शोषलं जातं, म्हणून झोपण्याआधी रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात. पुढे ६०० ऐवजी ४०० मिग्रॅचा डोसही तितकाच उपयोगी असल्याचं दिसलं. आणि हे ठळक लिहितो: ही गोळी चालू असताना मनात जीव देण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि घरातल्या एका माणसाला सांगायचं. क्वचित डोल्युटेग्राविरवरही असं होतं.

वजनाबद्दल. यातला काही भाग आजारातून सावरण्याचा असतो. विषाणू शरीराला झिजवत होता, तो थांबला की वजन भरतं. पण डोल्युटेग्राविरसारख्या औषधांवर त्यापलीकडेही वजन वाढतं, स्त्रियांमध्ये जास्त, आणि सोबत टेनोफोविरचा नवा प्रकार, टेनोफोविर अलाफेनामाइड, असेल तर आणखी. उलट एफाव्हिरेन्झ आणि जुनं टेनोफोविर (डायसोप्रॉक्सिल) वजन थोडं दाबून ठेवतात. त्यामुळे एफाव्हिरेन्झवरून बदल झाला की काटा वर गेलेला दिसतो. नुसती गोळी परत बदलून वाढलेलं वजन उतरेलच असं नाही, म्हणून वाढायला लागतं तेव्हाच लक्ष द्या. प्रत्येक भेटीत वजन आणि कंबर मोजा, साखर, चरबी आणि रक्तदाब तपासून घ्या. वजनापायी गोळी सोडणं हा मात्र उपाय नाही.

---

कोरांटी:
यात एक भर. चेहरा, पोट, अंगकाठी बदलली की ते 'दिसण्याचं' दुखणं म्हणून झटकलं जातं, बायकांच्या बाबतीत तर हमखास. गोळी सुटायला ते पुरेसं कारण असतं, हे मी पाहिलंय. डॉक्टरांपुढे ते तितक्याच गंभीरपणे मांडा, लाजू नका.

---

रिपोर्टवाला:
डॉक्टर, माझं क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते) गोळी सुरू करण्याआधी ०.९ होतं, सहा आठवड्यांनी १.०. गोळी नवी_सुरुवात यांचीच. किडनीवर परिणाम सुरू झाला का? रात्रभर हेच शोधत बसलोय.

---

स्टेथोस्कोप:
एवढ्या फरकाने घाबरू नका. क्रिएटिनिन मूत्रपिंडातून दोन मार्गांनी बाहेर जातं. बरंचसं गाळलं जातं आणि थोडं नलिकांमधून सोडलं जातं. डोल्युटेग्राविर हा दुसरा मार्ग काहीसा अडवतं. गाळण्याचं काम तसंच चालू असतं, रक्तातला आकडा तेवढा साधारण ०.१ ते ०.१५ ने वर सरकतो. हे पहिल्या चार आठवड्यांत होतं आणि मग तिथेच थांबतं.

पण तुमच्या गोळीत टेनोफोविर डायसोप्रॉक्सिलही आहे, आणि त्याने काही लोकांच्या मूत्रपिंडाच्या नलिकांना खरीच इजा होते. म्हणून आकडा थांबला की चढत राहिला, हे बघायचं. चढत राहिला, लघवीत प्रथिनं जायला लागली, साखर नसताना लघवीत साखर दिसली, किंवा रक्तातलं फॉस्फेट उतरलं, तर टेनोफोविरचा विचार करावा लागतो. वय जास्त, आधीचा मधुमेह किंवा रक्तदाब, कमी वजन, अशांत धोका जास्त. हाडांची घनताही या औषधाने थोडी उतरते. मूत्रपिंड आणि हाडं दोन्हींना अलाफेनामाइड सौम्य पडतं, कारण २५ मिग्रॅत काम होतं आणि रक्तात टेनोफोविर फार कमी फिरतं. मात्र त्यावर कोलेस्टेरॉल आणि वजनाकडे लक्ष हवं. कुठलंच औषध सगळ्या बाजूंनी निर्धोक नसतं. तुमच्या शरीराला कुठलं झेपतं, ते बघून निवडायचं.

---

फार्मसी_काउंटर:
मी फार्मासिस्ट. काउंटरवर रोज दिसणाऱ्या गोष्टी लिहितो, कारण बऱ्याचदा त्रास एचआयव्हीच्या गोळीचा नसतो, तिच्या जोडीला घेतलेल्या कशाचा तरी असतो.

'ॲसिडिटीची गोळी चालेल का' असं सगळे विचारतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड (चघळायची गोळी किंवा पातळ औषध) डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं, ते रक्तात जातच नाही. डोल्युटेग्राविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं. ओमेप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी डोल्युटेग्राविरसोबत चालते. पण तुमच्या लेबलवर रिल्पिविरिन असेल तर ओमेप्रॅझोल अजिबात नाही, कारण रिल्पिविरिनला शोषण्यासाठी आम्ल आणि पोटभर जेवण दोन्ही लागतं. अटाझानाविरलाही आम्ल हवं. म्हणून लेबल, लेबल आणि लेबल.

कॅल्शियम, लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिनचंही तसंच, २ तास आधी किंवा ६ तास नंतरचा नियम. एक सवलत आहे: कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि डोल्युटेग्राविर दोन्ही जेवणासोबत एकाच वेळी घेतली तर चालतात. उपाशीपोटी एकत्र मात्र नाही.

तुमच्या गोळ्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर जास्तच जपा. ती दोन्ही इतर औषधं शरीरात मोडू देत नाहीत. सिमव्हास्टॅटिन, अर्धशिशीचं अर्गोटामिन ही त्यांच्यासोबत वर्ज्य आहेत. दम्याच्या फ्ल्युटिकॅसोनच्या पंपानेसुद्धा शरीरात स्टेरॉइड साठून चेहरा सुजलेला मी पाहिलाय. कुणाला वाटेल, पंप तर नुसता श्वासातून घ्यायचा?

मधुमेहवाल्यांनी लक्षात ठेवा, डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिन रक्तात वाढतं. ते साधारणपणे दिवसाला १००० मिग्रॅच्या आत ठेवतात. टेनोफोविरवर असणाऱ्यांनी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा सपाटा लावू नये, मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा, ५०-५० मिग्रॅ घ्यावं लागतं. फिट्ससाठी कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगायचं, तीसुद्धा रक्तातलं डोल्युटेग्राविर कमी करतात.

आणि बाटलीत ती छोटी पुडी असते ना, ती फेकू नका. ओल शोषून घेण्यासाठी असते. गोळ्या त्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा.

---

रानफूल२२:
लिव्हर साफ करणारी वनस्पतींची टॉनिकं मिळतात. माझ्या भावाला कुणीतरी सुचवलंय. गोळ्यांची 'उष्णता' बाहेर पडेल म्हणाले. द्यावं का? नैसर्गिकच आहे.

---

फार्मसी_काउंटर:
रानफूल२२, नैसर्गिक असलं तरी ते यकृतातूनच जाणार, आणि त्याच यकृतात एचआयव्हीची औषधं मोडली जातात. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती उदासीवर सर्रास घेतली जाते. ती या औषधांचं मोडणं इतकं वाढवते की अनेक कॉम्बिनेशन्ससोबत ती पूर्ण वर्ज्य आहे. टॉनिकच्या बाटलीवर अनेकदा सगळे घटक लिहिलेलेही नसतात. भावाला नेमकं काय होतंय ते विचारा. मळमळ, जळजळ, थकवा, जे असेल ते डॉक्टरांना सांगा. त्यावर खात्रीची औषधं आहेत.

---

जुना_भिडू:
+१. भावावर रागवू नका मात्र. त्रास होतोय म्हणूनच तो दुसरीकडे बघतोय.

---

स्टेथोस्कोप:
दोन दिवसांत बरेच व्यक्तिगत निरोप आले. त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाचे आहेत: थांबायचं कधी आणि धावायचं कधी? इथेच लिहितो.

पहिल्या काही आठवड्यांतली मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, गॅस, थकवा: गोळी चालू ठेवा आणि पुढच्या भेटीत सांगा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर भेटीची वाट न बघता फोन करा.

अंगावर पुरळ आलं तर नीट बघा. नुसतं खाजरं पुरळ, ताप नाही, तोंड आणि डोळे ठीक, तर लवकर दाखवा. पण पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडीवर फोड असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नेव्हिरापिनने हे होऊ शकतं. म्हणूनच ते पहिले १४ दिवस निम्म्या डोसने सुरू करतात. त्याच सुमारास अनेकांना संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोलही दिलेलं असतं आणि गुन्हेगार तेही असू शकतं. कुठलं औषध थांबवायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

अबाकाविर असेल तर पहिले सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. ताप, पुरळ, उलट्या, खोकला किंवा दम, आणि प्रत्येक डोसनंतर त्यात भर. ही अतिसंवेदनशीलता असते. तिचा धोका एचएलए-बी ५७०१ या जनुकाशी जोडलेला आहे आणि ते आधी तपासता येतं. अशी प्रतिक्रिया आल्यावर अबाकाविर बंद केलं तर पुन्हा आयुष्यात कधीही घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

डोळे पिवळे होण्याचं जरा वेगळं आहे. अटाझानाविरने एका प्रकारचं बिलिरुबिन वाढतं आणि डोळे पिवळे दिसतात, पण यकृताला इजा नसते. मात्र हे रक्त तपासूनच म्हणता येतं. पिवळेपणासोबत गडद लघवी, उलट्या, भूक मेलेली असेल तर तातडी समजा. झिडोव्हुडिनवर असाल आणि जिना चढताना दम लागायला लागला, तर हिमोग्लोबिन तपासा. त्या औषधाने रक्त उतरतं. नखांवर काळपट पट्टे उठले तर त्याने घाबरू नका, तेही त्याचंच काम, पण निरुपद्रवी.

आणखी एक. सीडी४ फार खाली असताना उपचार सुरू झाले, तर काही आठवड्यांनी ताप येणं किंवा गाठी सुजणं घडतं. लोकांना वाटतं गोळी बाधली. प्रत्यक्षात जागी झालेली प्रतिकारशक्ती आत दडलेल्या टीबीसारख्या संसर्गाशी लढत असते. तपासणी लगेच हवी, एआरटी मात्र सहसा चालूच ठेवतात.

---

संधिप्रकाश:
माझ्या मिस्टरांना हेपटायटिस बी पण आहे. डॉक्टर टेनोफोविर बदलायचं म्हणतायत. मिस्टरांनी चिडून दोन दिवस गोळीच घेतली नाही.

---

स्टेथोस्कोप:
संधिप्रकाश, त्यांना आजच गोळी सुरू करायला सांगा आणि डॉक्टरांना भेटवा. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन दोन्ही हेपटायटिस बीवरही काम करतात. ती एकदम बंद झाली तर यकृताचा दाह उसळू शकतो, कधी फार गंभीरपणे. बदल करायचाच तर हेपटायटिस बीला पुरेल अशी जोडी हवी. डोल्युटेग्राविर आणि लॅमिवुडिन अशी दोनच औषधांची गोळीही असते, पण ती एकटी त्यांना पुरणार नाही. बदलणाऱ्या डॉक्टरांना हेपटायटिसचा रिपोर्ट दाखवला आहे ना, हे तुम्ही स्वतः विचारा.

---

संधिप्रकाश:
घेतली त्यांनी आत्ता. उद्या जातोय. धन्यवाद डॉक्टर.

---

आशा_पल्लवी:
मला दिवस गेलेत, दुसरा महिना. डोल्युटेग्राविर चालू आहे. २०१८ मधली बातमी वाचली, बाळाच्या मणक्यात दोष येतो म्हणून. हात थरथरतायत लिहिताना.

---

कोरांटी:
आशा_पल्लवी, आधी शांत व्हा. ती बातमी अर्धीच तुमच्यापर्यंत आली आहे. बोत्स्वानातल्या एका पाहणीत सुरुवातीला असा धोका वाटला होता आणि तेव्हा सावधगिरीचा इशारा दिला गेला. त्याच पाहणीत पुढे कितीतरी जास्त गर्भारपणांची नोंद झाली तेव्हा तो फरक उरला नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांसह सगळ्यांसाठी डोल्युटेग्राविरला पहिली पसंती दिली. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला असणं हेच बाळाचं सगळ्यात मोठं संरक्षण. भीतीपोटी गोळी सोडली तर धोका वाढेल.

फार्मसी_काउंटर यांनी वर लिहिलंय ते मात्र तुमच्यासाठी फार कामाचं आहे. आता लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील. त्या आणि एचआयव्हीची गोळी यांच्या वेळा डॉक्टरांसमोर बसून एका कागदावर लिहून घ्या.

---

आशा_पल्लवी:
रडू आलं वाचून, पण बरं वाटलं. उद्याच लिहून घेते.

---

मुक्तछंद:
एक बाळबोध प्रश्न. व्हायरल लोड 'सापडत नाही' म्हणतात, मग गोळी आयुष्यभर कशाला? त्रास सोसून?

---

कोरांटी:
बाळबोध नाही, हा सगळ्यांचा प्रश्न आहे. 'सापडत नाही' याचा अर्थ रक्तात इतके कमी विषाणू की चाचणीला मोजता येत नाहीत. पण काही सीडी४ पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून असतात आणि त्यांच्या डीएनएत विषाणू जोडलेला असतो. त्या पेशी काही बनवत नाहीत तोवर औषधाला तिथे करण्यासारखं काही नसतं. गोळी थांबली आणि त्यातल्या काही जाग्या झाल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच लोड परत वर येतो.

आणि एफाव्हिरेन्झवाल्यांनी हेही लक्षात घ्या: ते औषध रक्तातून जायला बरेच दिवस लागतात, सोबतची दोन लवकर जातात. म्हणजे तिन्ही औषधं तुम्ही एकाच दिवशी सोडली, तरी नंतरचे काही दिवस शरीर एकट्या एफाव्हिरेन्झवर असतं, आणि एकटं औषध म्हणजे रेझिस्टन्सला वाट.

गोळी चालू ठेवल्याचं फळही मोठं आहे. लोड सापडत नाही अशा स्थितीत टिकून असलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. मोठ्या पाहण्यांत हे हजारो वेळा निरोधाशिवाय संबंध आलेल्या जोडप्यांमध्ये तपासलं गेलंय. ज्यांच्या घरात गोळीवरून भांडणं होतात, त्यांनी हे जोडीदारासोबत बसून वाचा.

रोजची गोळी मनालाच जड होत असेल तर दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिनच्या इंजेक्शनांबद्दल विचारा. सगळ्यांना लागू पडत नाहीत, हेपटायटिस बी असेल तर नाहीच, पण पर्याय आहे हे माहीत असू द्या.

---

नवी_सुरुवात:
कळवायचं राहिलं. डॉक्टरांशी बोलून गोळी सकाळी घ्यायला लागलो. झोप लागते आता, डोकंही हलकं आहे. त्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत. मला वाटलं होतं तक्रार केली तर गोळ्याच बंद करतील.

---

कोरांटी:
नवी_सुरुवात, ही भीती फार जणांना असते. बरं झालं मोकळेपणाने लिहिलंत. पुढच्या वेळी जाताना चार गोष्टी टिपून न्या: त्रास कधी सुरू झाला, गोळीनंतर किती वेळाने होतो, किती वेळ टिकतो, आणि गेल्या महिन्यात किती गोळ्या खरोखर चुकल्या. शेवटचं खरं सांगणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. चुकलेल्या गोळ्या लपवल्या, तर लोड वाढण्याचं कारण डॉक्टर औषधातच शोधत बसतील.

आणि गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदीच जवळ आली असेल तर चुकलेली सोडा आणि नेहमीच्या वेळी एकच घ्या. दोन एकदम नाही.

---

रिपोर्टवाला:
पुन्हा मीच. क्रिएटिनिन १.० वरच थांबलंय, डॉक्टर खूश. पण माझ्या मित्राचा लोड दोन वर्षं ५० च्या खाली होता, यावेळी १२० आला. एकही गोळी चुकली नाही म्हणतो. औषध निकामी झालं का?

---

स्टेथोस्कोप:
एका रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. ५० च्या खाली असलेला लोड एखाद्या वेळी थोडा वर दिसतो आणि पुढच्या तपासणीत परत खाली असतो. याला ब्लिप म्हणतात, आणि एकट्या ब्लिपने औषध बदलत नाहीत. मित्राला विचारा, मध्ये अँटासिड, लोह, कॅल्शियम किंवा नवीन कुठलं औषध सुरू केलं होतं का. मग डॉक्टर सांगतील तेव्हा लोड पुन्हा तपासायचा. लागोपाठ वर राहिला तर रेझिस्टन्सची चाचणी करता येते. ती गोळी चालू असतानाच करायची असते, कारण गोळी बंद केली की रेझिस्टन्सवाले विषाणू इतरांच्या गर्दीत लपतात आणि चाचणीत दिसत नाहीत. तोवर रोजची गोळी आहे तशी, त्याच वेळी.